परवाना मिळेपर्यंत

हिवाळ्यातल्या काही सकाळी दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये धुकं इतकं खाली येतं, की आमच्या तळमजल्याच्या अंगणातून समोरची इमारतसुद्धा दिसत नाही. त्या धुक्यात ह्यांना विरघळताना मी वर्षानुवर्षं पाहिलं. हातात डबा, खांद्याला बॅग, आणि कढीपत्त्याच्या झाडापलीकडे गेले की माणूस गायब. थोड्या वेळाने कंपनीच्या व्हॅनचं दार सरकल्याचा आवाज यायचा, म्हणजे हे अजून जगात आहेत एवढं कळायचं. व्हॅन अबू धाबीच्या रस्त्याने मुसफ्फाला जायची. तिथल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत हे हिशेब बघायचे. आणि मी परत पांघरुणात शिरायचे.

त्या दुसऱ्या झोपेत मला स्वप्नं पडायची. त्यातलं एक नेहमीचं. आमच्या दारात एक माणूस टेबल मांडून बसलाय, हातात शिक्का आहे, आणि तो अगदी अदबीने विचारतोय, "कारण?" मी घरात जाऊन कारण शोधते. फ्रीजमध्ये बघते, गाद्यांखाली बघते, गणपतीच्या मखराच्या खोक्यात बघते. सापडतंही, पण दारापर्यंत येईतो ते हातातल्या हातात मऊ पडतं आणि गळून जातं. गंमत म्हणजे मला त्या स्वप्नाची कधी भीती वाटली नाही. जाग आली की हायसं वाटायचं. माझं कारण व्हॅनमध्ये बसून मुसफ्फाला गेलेलं असायचं.

इथे राहायला कारण लागतं. आवडतं म्हणून राहिलो, असं चालत नाही. नोकरी, धंदा, नवरा, बाप, यांतलं काहीतरी व्हिसावर लिहिलेलं असावं लागतं आणि ते ठरावीक काळाने पुन्हा सिद्ध करावं लागतं. यात माझी तक्रार काही नाही. ज्याचं घर त्याने त्याचे नियम करावेत. पण त्यामुळे इथलं आयुष्य थोडं स्वप्नासारखंच होतं. नूतनीकरण झालं की पुढचा तुकडा दिसायला लागायचा, तोपर्यंत पुढे धुकं.

हे साठीला आले आणि कंपनीने कळवलं की साठीनंतर व्हिसा पुढे वाढवायचा नाही, असं त्यांचं धोरण आहे. निरोप द्यायला केक आणला होता. केकवर ह्यांचं नाव चुकीचं लिहिलं होतं आणि हे ते कौतुकाने सांगत घरी आले. कागद रद्द करायला कंपनीने काही महिने थांबायचं कबूल केलं. तेवढ्यात दुसरं कारण मिळालं तर राहायचं, नाही तर सामान बांधायचं.

मला जायचं नव्हतं. हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पुण्यात आमचा फ्लॅट होता, पण त्यात आम्ही एकही रात्र झोपलो नव्हतो. तिथे भाडेकरू राहत होते आणि मला त्या घरातला दिव्याच्या बटणांचा क्रमही ठाऊक नव्हता. निवृत्तांसाठी इथे वेगळा व्हिसा असतो, पण त्याला दाखवावी लागणारी पुंजी त्याच फ्लॅटमध्ये विटा होऊन बसली होती. इथे मी गाडी शिकले. इथे मी पहिल्यांदा कुणाला न विचारता केस कापले. संध्याकाळी इमारतींमधल्या वाटेवर चालताना खजुरांच्या झाडांखाली दिवे लागतात, कुणाच्या तरी खिडकीतून फोडणीचा वास येतो, कुठून तरी अजान येते, आणि आपण कुणाच्याच सुना-वहिन्या नसतो, नुसतं चालत असतो. हे सुख कुठल्या अर्जात लिहायचं ते मला कळत नव्हतं.

कॅनडात राहणाऱ्या आमच्या मुलीने व्हिडिओवर तोडगा काढला. ती इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते.

"बाबा, यू आर लिटरली अ डेट काउन्सेलर," ती म्हणाली. "जस्ट गेट अ लायसन्स. युअर ओन बिझनेस, युअर ओन व्हिसा."

कर्जात अडकलेल्यांचा सल्लागार, हे ती म्हणाली ते खोटं नव्हतं. आमच्या घरी आधी शुक्रवारी, आणि सरकारी सुट्टी बदलल्यावर रविवारी, माणसं यायची. कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असायचं की तळमजल्यावरच्या काकांना हिशेबातलं कळतं. येणारा ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा बसायचा. हवेबद्दल बोलायचा, भारतातल्या निवडणुकांबद्दल बोलायचा, कढीपत्त्याची स्तुती करायचा. मी चहा ठेवला की हे म्हणायचे, "बरं, कालचा दिवस सांगा. उठल्यापासून."

एवढंच. पगार किती, कार्डं किती, हप्ता किती, काही विचारायचे नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावे वगैरे सुविचार तर ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. नुसता कालचा दिवस. पैशाबद्दल माणूस खोटं बोलतो, पण कालच्या दिवसाबद्दल खोटं रचायला त्याला वेळच मिळत नाही, असं ह्यांचं म्हणणं. माणूस सांगायला लागायचा: उठलो, पेट्रोल पंपावर कॉफी घेतली, उशीर झाला म्हणून टोलच्या रस्त्याने गेलो, दुपारी ऑफिसच्या मुलांबरोबर बाहेर जेवलो. सांगता सांगता त्याचा आवाज हळू होत जायचा. दिवस संध्याकाळपर्यंत आला की तो स्वतःचं स्वतःच ऐकत असायचा. शेवटी हे एखादंच वाक्य बोलायचे. बहुतेक वेळा, "हेच घरी जाऊन बायकोला सांगा, जसंच्या तसं." पैसे कधी घेतले नाहीत. ओळखीत कसे घ्यायचे? लोक गावाहून आलेलं मेतकूट, कोकमं, पोह्याचे पापड आणून द्यायचे आणि आम्ही नको नको म्हणत ठेवून घ्यायचो.

तर त्याचा धंदा करायचं ठरलं. मी एकदम उत्साहात. पाटीसुद्धा डोळ्यांसमोर दिसायला लागली.

सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या एका छोट्या दुकानात आम्ही गेलो. तिथला केरळी गृहस्थ असे असंख्य धंदे जन्माला घातलेला. त्याने आमचं ऐकून घेतलं आणि बोटं कीबोर्डवर अधांतरी धरून ह्यांना विचारलं, "भाईसाब, लोग का पैसा आप के हाथ में आएगा?"

"नाही."

"उन की तरफ से बँक से बात करेगा? कर्जा कम करो, ऐसा?"

"नाही."

"पैसा किधर डालना, वो बताएगा?"

"नाही."

"तो आप करेगा क्या?"

"सुनेगा," हे म्हणाले.

मला हसू आलं, त्याला आलं नाही. त्याने समजावून सांगितलं की या तीन प्रश्नांतल्या एकाला जरी हो म्हटलं, तरी मामला मोठा होतो. मोठं भांडवल, हमी, मोठी परवानगी. तिन्हींना नाही म्हटलं तर घरखर्चाचं नियोजन शिकवणं एवढंच उरतं. त्यालाही देखरेख करणाऱ्या खात्याची मंजुरी लागेल, पण ते माणसाच्या आवाक्यातलं आहे. लागेल ते सगळं त्याने सांगितलं: साक्षांकित केलेली पदवी, पोलिसांकडून चांगल्या वागणुकीचा दाखला, कंपनीचं ना-हरकत पत्र, भाडेकरार केलेली ऑफिसची जागा, मग ती टेबलाएवढी का असेना, आणि शेवटी तोंडी मुलाखत. मी भागीदार म्हणून राहणार असल्याने मुलाखतीला मीही हवी.

"और लायसन्स आने तक सलाह देने का नहीं," तो सवयीने म्हणाला.

हे खुर्चीत सरळ झाले. "फुकट दिली तरी?"

"अरे, वो दुकानवालों के लिए है. दोस्त को बोलने में क्या है!"

"अर्ज केला म्हणजे आपण दुकान झालो," हे मला मराठीत म्हणाले. त्या क्षणी मला पुढचं सगळं दिसलं. एकदा एखादा नियम ह्यांनी वाचला की तो ह्यांच्याच घरात राहायला येतो.

मग सुरू झाले ते वाट पाहण्याचे महिने. ह्यांची पदवी कुरिअरने मुंबईला गेली आणि पाठीवर शिक्के घेऊन परत आली. समोर कमी मजकूर, मागे जास्त. हे रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरवर नंबर येण्याची वाट पाहत बसायचे. मी अजूनही पहाटे उठून डबा भरायचे. व्हॅन नाही, मुसफ्फा नाही, तरी हात आपोआप चालायचे. हे तो डबा घेऊन अंगणात जायचे आणि दुपारी कढीपत्त्याखाली खुर्ची टाकून उघडायचे, जणू ऑफिसात आहेत. मी खिडकीतून बघायचे. ऊन, चटईएवढी सावली, आणि त्यात डबा खाणारा माझा नवरा. एखादं स्वप्न आपलं की दुसऱ्याचं, असा प्रश्न पडावा, तसं ते दिसायचं.

आणि रविवारी माणसं येतच राहिली. त्यांना काय ठाऊक दुकान बंद आहे ते! हे दार उघडायचे, बसवायचे, आणि आल्या आल्या सांगायचे, "माझ्याकडे परवाना नाही. मी काही बोलू शकणार नाही. चहा घ्या." माणसं हसायची. काकांचा विनोद. मग 'कालचा दिवस सांगा' असं ह्यांनी न विचारताही, सवयीने, ती आपणहून सांगायला लागायची आणि हे बाहेर झाडाकडे बघत गप्प. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी स्वयंपाकघरातून भांडी जरा जोरात ठेवायचे, म्हणजे खोलीत निदान काहीतरी आवाज असावा.

एका रविवारी वरच्या मजल्यावरची मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, एका जाहिरात कंपनीत चांगल्या जागेवर, नवरा सेल्समध्ये. तिला शहरात मोठं घर भाड्याने घ्यायचं होतं आणि त्यासाठी आधीच्या कर्जावर आणखी कर्ज काढायचं होतं. आली तीच दिरहॅममधले आकडे सांगत, आणि लगेच माझ्यासाठी त्यांचे रुपये करत. ह्यांनी परवान्याचं सांगितलं. ती म्हणाली, "काका, प्लीज यार, मी काही तुमची कम्प्लेंट नाही करणार." हे हसले आणि गप्प बसले.

मग ती बोलायला लागली. काल उठले. मीटिंग होती. दुपारी ऑफिसमधल्या एकीच्या वाढदिवसासाठी मॉलमध्ये गेले, ती मला आवडत नाही, तरी तिच्या पार्टीसाठी नवे शूज घेतले. संध्याकाळी घरी आले, गाडी खाली पार्किंगमध्ये लावली.

इथे ती थांबली.

"मग?" माझ्या तोंडून निघून गेलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रे उचलून उभी राहिले.

"मग गाडीतच बसून राहिले," ती म्हणाली. "खूप वेळ. एसी चालू ठेवून. रोजच बसते, काकू. वर जावंसं वाटत नाही." तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. बाहेर कुणाची तरी मुलं सायकली फिरवत होती. "काका, मला मोठं घर कशाला हवंय? मी आहे त्या घरात पण जात नाहीये."

ह्यांनी किटली उचलली. तिच्या कपात अजून चहा ओतला. ती बराच वेळ बसली, जाताना मला घट्ट मिठी मारली, आणि ते मोठं घर तिने घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात दोघं नवरा-बायको वाटेवर हातात हात घालून चालताना दिसली.

"तुमच्या गप्प बसण्याची फी लावायला हवी," मी रात्री जेवताना म्हटलं.

"त्यालाही परवाना लागेल," हे म्हणाले.

ऑफिसची जागा बघायला आम्ही रास अल खोरच्या बाजूला गेलो. गोदामांच्या ओळीत एका व्यापाऱ्याने वरच्या मजल्याच्या खोल्या केल्या होत्या. खोली कसली, कपाटच. एक टेबल, एक खुर्ची, आणि खिडकीतून कांद्याबटाट्यांचे ट्रक. पण कढीपत्त्याचं कुंडीतलं रोप मी याच भागातून आणलं होतं, मुलगी शाळेत असताना, गुडघ्याएवढंही नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, शुभशकुन आहे. हे टेबलावर बोट फिरवत राहिले. बोटाला धूळ लागली. भाडं किती ते दलालाने सांगितलं आणि मी नेहमीप्रमाणे मनात रुपये केले आणि नेहमीप्रमाणे ते लगेच विसरून गेले. हे विसरलेले दिसले नाहीत. परतीच्या वाटेवर खाडीच्या पाण्यात फ्लेमिंगो उभे होते, सगळे एका पायावर. हे म्हणाले, "किती वेळ उभे राहत असतील नाही?" मी म्हटलं, "ते मजेत आहेत हो. यल्ला, चला."

आदल्या दिवशी त्या खोलीचा करार केला, आणि मुलाखतीचा दिवस आला. काचेची उंच इमारत, आत अत्तराचा आणि गार हवेचा वास, पावलांचा आवाजच येऊ नये असा मऊ गालिचा. मी नवीन साडी नेसले होते. वर जाताना लिफ्टमध्ये मला वाटलं, आपण त्या स्वप्नातल्या टेबलाकडेच चाललोय.

टेबलामागे एक तरुण अमिराती बाई होती, काळा अबाया, चेहऱ्यावर हुशारी. तिने आम्हाला खजूर दिले, कॉफी दिली आणि ह्यांचे कागद चाळले. सगळे बरोबर होते. बरोबर असणारच. मग ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही काम कसं करता ते मला ऐकायचंय. एखादं कुटुंब घ्या. खरं."

हे म्हणाले, "मॅडम, लोक मला विश्वासाने सांगतात. त्यांचं मी सांगू शकत नाही."

"मग असं कुटुंब घ्या, ज्याची परवानगी तुमच्याकडे आहे."

ह्यांनी जरा विचार केला. माझ्याकडे बघितलं नाही. "एक जोडपं आहे," हे म्हणाले. "नवरा साठीचा. बायको त्याच्याहून थोडी लहान. मुलगी दूर."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"मी त्यांचा कालचा दिवस सांगतो," हे म्हणाले. आणि सावकाश, नेहमीच्या माणसाने नेहमीच्या रविवारी सांगावा, तसा दिवस सांगायला लागले. काल बायको पहाटे उठली. तिला कुठे जायचं नव्हतं, त्यालाही नव्हतं. तिने डबा भरला. त्याने तो अंगणात बसून खाल्ला, कारण घरात खाल्ला असता तर तिला वाईट वाटलं असतं. मग ती दोघं एका खोलीचा करार करायला गेली. त्या खोलीत त्यांचं काही काम नाही. नोकरी सुटताना मिळालेली सगळी रक्कम त्या खोलीच्या भाड्यात आणि दरवर्षीच्या फीमध्ये जाईल, काही वर्षांत संपेल. संपेपर्यंत इथे राहण्याचं एक कारण मात्र त्यांच्याकडे असेल. संध्याकाळी मुलीचा फोन आला. सगळं मस्त आहे, असं दोघांनी तिला सांगितलं. मग बायकोने झाडाला पाणी घातलं आणि अंधार होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

मला आधी राग आला. असा राग, की उठून निघून जावं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या घरातली गोष्ट, माझं झाड, आणि ते परक्या बाईसमोर इंग्रजीत! मग त्या रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. त्या गोष्टीतली ती अंधारात उभी राहिलेली बाई मला दिसली. मी तिला बाहेरून बघत होते, जशी खिडकीतून ह्यांना बघायचे. मला तिची कीव आली.

"ओके," ती अधिकारी बाई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "तुमचा सल्ला काय?"

हे गप्प.

"सर?"

"मॅडम," हे म्हणाले, "परवाना मिळेपर्यंत मी सल्ला देऊ शकत नाही."

ती मनापासून हसली. "हबीबी, मीच तर परवानगी देणार आहे. बोला तुम्ही."

हे तरीही गप्प. खिडकीबाहेर बघत होते. तिथे झाड नव्हतं, नुसतं पांढरं आकाश होतं. ती थांबली. आणि मला कळलं, हे कुणाची वाट बघतायत ते. इतके रविवार मी ट्रे घेऊन दारात उभी राहिले होते. ती शांतता कुणासाठी असते हे मला ठाऊक नसून कसं चालेल?

"त्यांनी परत जावं," मी म्हणाले. हिंदीत म्हणाले की इंग्रजीत, आठवत नाही. "तिला जायचं नाहीये. खूप आवडतं तिला इथे. पण त्यांनी जावं. कारण विकत घ्यायला लागलं, तर मग ते कारण नाही राहत, मॅडम."

तिने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग परत माझ्याकडे. साडीकडे, बांगड्यांकडे. तिला कळलं होतं. तिने खजुरांची बशी माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं चांगले सल्लागार आहात. तुम्हाला परवाना हवाय का अजून?"

हे म्हणाले, "बघतो, इन्शाल्ला." हा नकारच आहे, हे ती समजली.

गाडी मी चालवली. हमरस्त्यावर ऊन इतकं होतं की सगळे टॉवर तळापासून थरथरत होते, जणू कुणी ते पाण्यात काढलेत. मी म्हटलं, "आपल्याबद्दल बोलायचं तर घरी बोलायचं होतं."

"घरी मी बोललो असतो, तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"आणि मी कुठे काय सांगितलं? सांगितलंस तू."

मला इतकं रडू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. ह्यांनी धोक्याचे दिवे लावले आणि माझा हात धरून बसले. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी जराशी हलत होती.

मंजुरी आली. फोनवर संदेश आला, हिरव्या अक्षरांत अभिनंदन. आता फी भरली की परवाना हातात. ह्यांनी तो संदेश मला दाखवला, मी वाचला आणि आम्ही फी भरली नाही. मुदत उलटून गेली. टायपिंगवाल्या केरळी गृहस्थाला हे स्वतः जाऊन सांगून आले. तो म्हणाला म्हणे, "इतना मेहनत कर के, खलास?" हे म्हणाले, खलास.

मुलीला सांगितलं तेव्हा तिने आधी निघायची तारीख विचारली. मग म्हणाली, "बट आई, दॅट्स माय होम टू." ते मला लागलं.

सामान गेलं. भांडी, पुस्तकं, मखराचं खोकं. कढीपत्ता वरच्या मजल्यावरच्या मुलीला द्यायचं ठरलं होतं. ती आणि तिचा नवरा कुंडी न्यायला आले, दोघांनी जोर लावला, ह्यांनी लावला, कुंडी हलेना. खाली वाकून बघितलं तर मुळं बुडातल्या भोकातून जमिनीत गेली होती, केव्हाच. मी रोज पाणी घालत होते आणि मला पत्ता नव्हता. शेवटी तिने झाड आहे तिथेच ठेवायचं आणि नवीन भाडेकरूंना पाणी घालायला सांगायचं, असं कबूल केलं.

शेवटच्या संध्याकाळी रिकाम्या घरात आम्ही फरशीवर बसलो. वरच्या मुलीने थर्मासमधून चहा पाठवला होता, सोबत दोन कागदी कप. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उमटले होते. बोललो तर आवाज घुमत होता, म्हणून आम्ही हळू बोलत होतो.

"अहो," मी विचारलं, "आपण बरोबर केलं ना?"

हे थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

"सांगा ना. आता कोण बघतंय?"

"परवाना नाही माझ्याकडे," हे म्हणाले. मी हसले. हे नाही हसले. मग माझ्याकडे न बघता, उघड्या दारातून अंगणाकडे बघत म्हणाले, "कालचा दिवस सांग. उठल्यापासून."

मी सांगायला लागले. काल पहाटे उठले. डबा भरायला गेले तर डबेच नव्हते, सगळे खोक्यात गेले होते. मग नुसतीच उभी राहिले. मग बँकेत गेलो, खातं बंद केलं. मग विजेचं, पाण्याचं शेवटचं बिल. दुपारी दुकानातून पोळ्या आणल्या. संध्याकाळी त्या वाटेवरून एक फेरी मारली, खजुरांखाली दिवे लागत होते. घरी आले. झाडाला पाणी घातलं, एवढं मी म्हणाले, आणि त्याच्यापुढे मला काही सांगता येईना.

ह्यांनी माझ्या कपात चहा ओतला.